मावशीबरोबर मतदानाला

गुरुवार, 11 मे 2023

बँकॉकमध्ये गल्लीला सोई म्हणतात. आमच्या सोईच्या तोंडाशी एक बाई कोशिंबिरीसाठी उखळात कच्ची पपई कुटत बसते, तिला मी 'पा' म्हणते. पा म्हणजे आईची किंवा वडिलांची थोरली बहीण. पण 'पाला', 'पाने', 'पाचा' असं लिहीत गेले तर हा झाडपाल्यावरचा लेख वाटेल, म्हणून इथे मावशीच.

मावशी मला 'ख्रू' म्हणते. ख्रू म्हणजे आपला गुरू, वापरून वापरून एका अक्षराचा झालेला. मी साताऱ्याची, नऊ वर्षं झाली इथल्या एका शाळेत गणित शिकवते. मला मत नाही, आणि परक्या माणसाला नसावंच. मात्र 'मी अजून इथेच राहते' असं दर 90 दिवसांनी सरकारला कळवावं लागतं. थायलंडच्या राजकारणात माझा सहभाग एवढाच.

आज दुपारी मावशीच्या गाडीवर पुठ्ठ्याची पाटी लागली: 'बंद. मत द्यायला गावी.' रविवारी, 14 तारखेला, निवडणूक. मावशीला बँकॉकमध्ये येऊन पंचवीस वर्षं होऊन गेली, तरी तिचं नाव अजून खोन केन प्रांतातल्या गावच्या घरपुस्तिकेत आहे. इथे प्रत्येक घराचं सरकारी पुस्तक असतं, त्यात नाव जिथे तिथेच मत. लांब राहणाऱ्यांसाठी गेल्या रविवारी आगाऊ मतदान झालं होतं, पण मावशीने नाव नोंदवलंच नव्हतं.

"ते मत पाकिटात घालतात आणि पोस्टाने पाठवतात," ती म्हणाली. "मी माझं मत माझ्या डोळ्यांनी पेटीत पडताना बघणार. तुझ्या शाळेला सुट्टी आहे ना? चल."

रात्री स्टेशनवर भेटली तर अंगात नारिंगी शर्ट. मी बघतच राहिले. कारण मावशी पक्की लाल, आणि नारिंगी हा यंदाच्या तरुण पोरांच्या पक्षाचा, मूव्ह फॉरवर्डचा रंग. "असं काय बघतेस?" ती म्हणाली. "आज गुरुवार." इथे प्रत्येक वाराला रंग आहे. सोमवार पिवळा, मंगळवार गुलाबी, बुधवार हिरवा, गुरुवार नारिंगी, शुक्रवार निळा, शनिवार जांभळा, रविवार लाल. वारांची नावंही आपलीच: आथित म्हणजे आदित्य, चान म्हणजे चंद्र, फुत म्हणजे बुध, सुक म्हणजे शुक्र. राजकारण या रंगपेटीत मागून घुसलं. आधीचे राजे भूमिबोल सोमवारी जन्मलेले, म्हणून राजनिष्ठांनी पिवळे शर्ट घातले. त्यांच्या समोर माजी पंतप्रधान थाकसिन शिनावातचे लोक लाल शर्टात उभे राहिले. 2008 मध्ये पिवळ्यांनी सुवर्णभूमी विमानतळ अडवून धरला. 2010 मध्ये लाल लोक बँकॉकच्या मधोमध राचाप्रसोंगच्या चौकात आठवडेच्या आठवडे बसले. त्या वसंतात नव्वदहून अधिक माणसं मेली. मावशी तेव्हा त्याच चौकात पपई कुटत होती, धंदा म्हणूनही आणि लाल म्हणूनही. पत्र्याच्या ट्रंकेत तिचा लाल रुमाल अजून आहे. मी पाहिलाय.

स्टेशन नवं कोरं, क्रुंग थेप अफिवात. जानेवारीत लांबच्या गाड्या जुन्या हुआ लाम्फोंगहून इथे हलवल्या. विमानतळाएवढी लांबी आणि तसाच गारवा. त्यातून वर फलाटावर जाऊन आपण थर्ड क्लासच्या डब्यात शिरतो, तिथे पंखे, उघड्या खिडक्या आणि भाजलेल्या कोंबडीचा वास. डबा इसानच्या माणसांनी भरलेला. इसान म्हणजे ईशान्य, शब्दही तोच आणि दिशाही तीच. बँकॉकच्या टॅक्स्या चालवणारे, इमारती बांधणारे, आमच्या सोईच्या नाक्यावर नारिंगी जाकिटं घालून मोटरसायकलवर माणसं सोडणारे, हे सगळे बहुतेक तिकडचे.

समोर एक कारखान्यातला पोरगा होता, उदोन थानीला निघालेला. त्याने गाडी हलायच्या आत सांगून टाकलं: "लुंग असतील तर आम्ही नाही, आम्ही असू तर लुंग नाहीत." लुंग म्हणजे थोरले काका. ही त्याच्या पक्षाची, मूव्ह फॉरवर्डची घोषणा. 2014 साली सत्ता घेतलेले जनरल प्रयुत चान-ओचा हे 'लुंग तू', आणि त्यांचे ज्येष्ठ साथी जनरल प्रवित हे 'लुंग पॉम'. अख्खा देश त्यांना काकाच म्हणतो, प्रेमाने असो की दात खाऊन. काकांना बाजूला सारायची भाषा मराठी माणसाला काही नवी नाही, पण ते मी त्या पोराला कुठे समजावत बसू?

मावशीने त्याला चिकट भाताचा गोळा दिला आणि म्हणाली, "आधी खा."

शुक्रवार, 12 मे

रात्रभर झोप नाही. साराबुरीच्या पुढे गाडी पठारावर चढते तेवढाच वारा गार लागला. पहाटे बान फायला उतरलो. तिथून मावशीच्या भावाची पिकअप. तो मावशीचा धाकटा भाऊ, तेव्हा माझा मामा.

शेतं अजून कोरडी. भेगा पडलेल्या जमिनीत भाताची जुनी धसकटं आणि मधेच एकेक चिंच. यंदाचा उन्हाळा विचित्रच गेला. एप्रिलमध्ये ताक नावाच्या प्रांतात पारा 45.4 अंशांवर गेला होता. नाव ताक आणि ऊन असं!

सकाळी खांबावरचा कर्णा खरखरला. गावचा पाटील, म्हणजे फूयाय बान, रोज या कर्ण्यावरून गावाशी बोलतो: कोणाचं म्हातारं गेलं, डासांची फवारणी कधी, आणि आज, रविवारी ओळखपत्र विसरू नका. आठ वाजता राष्ट्रगीत. मामा हातातली बादली तशीच धरून उभा राहिला. मीही राहिले. बँकॉकच्या स्टेशनांवर हेच होतं, धावणारी माणसं जागच्या जागी थांबतात आणि गाणं संपलं की पुन्हा धावतात.

घरात सगळ्यात वर आजी, मावशीची आई. इसानचे लोक आपसात लाओ बोलतात आणि आजी तर फक्त तीच बोलते, त्यामुळे माझं थाई तिथे निम्मंच चाललं. आजीने पहिला प्रश्न विचारला तो मात्र कळला: "जेवलीस का?" थाईमध्येही कसं आहेस याच्या आधी जेवलास का हेच विचारतात. नऊ वर्षांत मला इथे परकं न वाटण्याचं निम्मं श्रेय या एका प्रश्नाला आहे.

जेवायला वेळूच्या टोपलीत चिकट भात. बोटांनी गोळा करायचा आणि बुडवायचा. ताटात पपई, पण बँकॉकला मिळते ती गोडसर नव्हे. इथली प्ला राची, म्हणजे आंबवलेल्या माशाच्या पाण्यातली. पहिल्या घासाला नाक मुरडतं, तिसऱ्या घासाला हात आपोआप जातो. आपल्याकडे सुकटीची चटणी ज्यांना जमते त्यांना हे जमेल.

आजीचं राजकारण साधं. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन 30 बातमध्ये झालं. 2001 साली थाकसिन निवडून आले आणि कोणताही आजार 30 बातमध्ये, अशी योजना आली. 2023 च्या भावाने साधारण 70-75 रुपये. त्याआधी मोतीबिंदू म्हणजे म्हातारपण, एवढंच उत्तर होतं. मामाचं राजकारण भाताचं आहे. थाकसिनची बहीण यिंगलक पंतप्रधान असताना सरकार टनाला 15,000 बात देत होतं. ती योजना पुढे बुडीत निघाली, घोटाळ्याचे खटले झाले, यिंगलक देश सोडून गेल्या. मामाला हे सगळं ठाऊक आहे. तरी तो अंगणातल्या सिमेंटच्या खळ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हे त्या वर्षीचं." त्यापुढे माझं गणित काय बोलणार?

भाचा मात्र नारिंगी. वय एकवीस, खोन केन शहरात मोटरसायकल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. एप्रिलमध्ये त्याने लष्कराची चिठ्ठी काढली. एकविसाव्या वर्षी मुलांना एका मंडपात बोलावतात, डब्यात हात घालून चिठ्ठी काढायची. काळी निघाली तर सुटलास, लाल निघाली तर दोन वर्षं लष्करात. याची लाल निघाली. आजीने उदबत्त्या लावल्या होत्या, तरी. नोव्हेंबरमध्ये त्याला रुजू व्हायचंय. मूव्ह फॉरवर्ड ही सक्तीची भरती बंद करू म्हणतो. भाच्याला बाकीचा जाहीरनामा पाठ नसेल, पण हे एक कलम त्याच्या खिशात चिठ्ठीच्या रूपाने आहे.

बाकी एका विषयावर त्या पक्षाचं म्हणणं मी कोणाला विचारलं नाही, कोणी सांगितलंही नाही. कलम 112 मध्ये राजघराण्याच्या अवमानाला एकेका गुन्ह्याला 3 ते 15 वर्षांची शिक्षा आहे. पक्षाला ते कलम बदलायचं होतं. अशा वेळी ताटात बघून जेवावं.

संध्याकाळी प्रचाराच्या शेवटच्या मोठ्या सभा. टीव्हीवर लाल पक्षाची, फ्यू थाईची, म्हणजे थाकसिनच्या लेकीची. पेथोंगथान 1 तारखेला बाळंत झालेली आणि बारा दिवसांत व्यासपीठावर! "सव्वा महिना तरी झोपू द्यायचं," मी पुटपुटले. बाळंतपणाचे नियम इथेही कडकच आहेत, मावशीने मान हलवली. मंगळवारी थाकसिनने परदेशातून कळवलं होतं की नातवंडं सांभाळायला घरी यायची परवानगी मागतो. आजीला ते फार पटलेलं. भाच्याच्या फोनवर त्याच वेळी बँकॉकच्या दिन देंगमधल्या स्टेडियममधली, मूव्ह फॉरवर्डचा नेता पिता लिमजारोन्रात याची सभा. दोन्ही आवाज एकात एक. मामा म्हणाला, "आवाज कमी कर." कोणाचा, ते त्याने सांगितलं नाही, भाच्याने फोनचा केला.

मी गणिताची बाई, म्हणून मला मांडणी विचारली गेली. लोकप्रतिनिधी 500. पण पंतप्रधान निवडताना लष्कराच्या राजवटीने नेमलेले 250 सिनेटरही मत देणार. एकूण 750, बहुमत 376. म्हणजे काकांच्या बाजूला खेळ सुरू व्हायच्या आधीच 250 धावा. "मग एवढ्या लांबून आलीस कशाला?" मी मावशीला विचारलं. ती मिरच्यांची देठं काढत होती. "माझं नाव यादीत आहे ना," एवढंच म्हणाली.

ही वही आता नीट उतरवून काढताना मला पुढचं माहीत आहे. 13 जुलै 2023 ला पिताला 324च मतं पडली. 22 ऑगस्टला थाकसिन परतले आणि त्याच दिवशी त्यांच्या पक्षाचे सेत्था थवीसिन, काकांच्या पक्षांना बरोबर घेऊन, पंतप्रधान झाले. पुढच्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने आधी मूव्ह फॉरवर्ड पक्ष विसर्जित केला आणि आठवड्याभरात सेत्थांनाही घरी पाठवलं. पण त्या शुक्रवारी यातलं काहीच घडलेलं नव्हतं, आणि अंगणात दोन सभा एकदम चालू होत्या.

शनिवार, 13 मे

सकाळी देवळात. म्हणजे वाटात, बौद्ध विहारात. चार-पाच बाप्ये सावलीत बसून निळ्या प्लास्टिकच्या पाइपात दारू ठासत होते; फटाक्याची. बुन बांगफाय येतोय. मे महिन्यात, भाताची पेरणी व्हायच्या आधी, इसानची गावं आभाळात अग्निबाण सोडतात. वर फाया थाएन नावाचा देव असतो, त्याला आठवण करून द्यायची की पाऊस पाठव. आपली पोरं डोक्यावर बेडूक नि लिंबाचा पाला घेऊन 'धोंडी धोंडी पाणी दे' म्हणत दारोदार फिरायची. इथे देवाच्या बुडाखालीच जाळ लावतात. ज्याचा बाण उडत नाही त्याला चिखलात लोळवतात. मी विचारलं, यंदा चिखल तरी आहे का? सगळे हसले. एकाने सांगितलं, टँकरने करू.

तिथेच भिंतीला उमेदवारांच्या याद्या. यंदा मतपत्रिका दोन: जांभळी आपल्या भागाच्या उमेदवारासाठी, हिरवी पक्षासाठी. गंमत अशी की एकाच पक्षाचा नंबर दोन्हींवर वेगळा. हिरवीवर फ्यू थाई 29 आणि मूव्ह फॉरवर्ड 31, देशभर तेच. पण जांभळीवरचा नंबर मतदारसंघागणिक बदलतो, आणि त्या कागदावर ना उमेदवाराचं नाव ना पक्षाचं चिन्ह, नुसता आकडा. कमळ, हात, घड्याळ, इंजिन बघून शिक्का मारत आलेल्या आपल्या लोकांची इथे पंचाईत झाली असती. आजी दिवसभर दोन आकडे पुटपुटत होती, जपमाळेसारखे. मधेच उलटे म्हणायची आणि भाचा मुद्दाम तिसराच आकडा ओरडायचा.

संध्याकाळी सहाला दारू बंद, प्रचार बंद. उद्या सहापर्यंत विकायची नाही, वाटायची नाही. मामाने पावणेसहाला गावठी भाताच्या दारूचा शेवटचा पेला संपवला आणि घड्याळाकडे बघून शहाण्यासारखा आत गेला.

मग ती रात्र. थाई भाषेत तिला 'खून मा हॉन' म्हणतात, कुत्री रडतात ती रात्र. निवडणुकीच्या आदल्या रात्री पक्षांची माणसं दारोदार फिरतात आणि अनोळखी पावलांना गावातली कुत्री गळा काढतात, म्हणून हे नाव. आपण लक्ष्मीदर्शन म्हणतो. आपल्या शब्दात देणारा दिसतो, यांच्या शब्दात फक्त कुत्रं.

मी मच्छरदाणीत जागीच होते. बाराच्या सुमारास पलीकडच्या टोकाला एक कुत्रं लागलं, मग दुसरं, मग आवाज घरागणिक जवळ येत गेला. दिवा न लावलेली मोटरसायकल. जिन्याखाली कोणीतरी हलक्या आवाजात आजीला 'यायऽ' अशी हाक मारली. फळी करकरली. मग पुन्हा मोटरसायकल, आणि भुंकणं आमच्यापासून पुढे सरकत गेलं. तासाभराने तोच प्रकार उलट दिशेने. दुसरी गाडी असावी. हिचं इंजिन खोकत होतं.

सकाळी पानाच्या डब्यात चुन्याच्या डबीखाली दोन जांभळ्या नोटा होत्या. पाचशे बातची नोट जांभळी असते. शनिवारचा रंग जांभळा, मतपत्रिका जांभळी, नोट जांभळी. मावशीच्या रंगशास्त्रात हे कुठे बसतं ते मी विचारलं नाही. आजीनेच डबा बंद करता करता सांगितलं, आणि मावशीने मला थाईत करून दिलं: "दोघांचे घेतले. एकाचे घेऊन दुसऱ्याचे परत करणं बरं दिसत नाही."

रविवार, 14 मे

वान आथित. आदित्यवार. आमची आजी आइतवारच म्हणायची.

मतदान आठ ते पाच. केंद्र देवळाच्या सालात, म्हणजे खांबांवर उभ्या उघड्या मंडपात. साला म्हणजे शाला. न्यायालयालाही इथे 'सान' म्हणतात, तोही त्याच शालेचा. राजकारणाचे सगळेच मोठे शब्द आपल्या घरचे. सभा ती सभाच. पंतप्रधान तो नायक, 'नायोक'. लोकशाही 'प्रचाथिपताय', प्रजेचं आधिपत्य. आणि लष्करी उठाव? 'रत्थप्रहान'. राष्ट्रप्रहार. 1932 साली राजाची अनियंत्रित सत्ता संपल्यापासून असे डझनभर यशस्वी प्रहार झाले. मराठीत आपल्याला या गोष्टीला नीट शब्द नाही, उठाव म्हणतो, बंड म्हणतो. गरज पडली नाही हे आपलं भाग्य.

मावशी लाल शर्ट घालून निघाली. केंद्राच्या दाराशी उभ्या पोलिसाने वरखाली पाहिलं. "आज रविवार," मावशी म्हणाली, गुरुवारच्याच सुरात. त्याला हसू आलं.

मी दोरीच्या बाहेर चिंचेखाली उभी. तिथून सगळं दिसतं. ओळखपत्र, यादीवर सही, दोन कागद, पुठ्ठ्याचा आडोसा, दोन पेट्या. मत म्हणजे चौकोनात पेनाने फुली. बोटाला शाई नाही. आजी बाहेर आली तेव्हा मी सवयीने तिचं बोट बघितलं आणि तिला वाटलं मला अंगठी बघायचीय. भाचा अर्ध्या मिनिटात बाहेर. मामा एका मिनिटात. मावशी आडोशाआड बराच वेळ होती. पुठ्ठ्याखालून तिच्या चपला दिसत होत्या. एक पाय दुसऱ्यावर घासत होती, पपई कुटताना गिऱ्हाईक जास्त झालं की करते तशी.

"काय केलंस?" मी विचारलं.

"मत विचारू नये, ख्रू. वय विचार, पगार विचार."

आणि खरंच इथे ते दोन्ही पहिल्या भेटीत विचारतात.

पाचला पेट्या तिथेच उघडल्या. हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. आपल्याकडे मशीन सील होऊन गोदामात जातं आणि दिवस मोजत बसावं लागतं. इथे त्याच मंडपात, त्याच माणसांसमोर, एकेक कागद. एक मास्तरीणबाई मतपत्रिका उलगडायची, दोन्ही हातांनी डोक्यावर धरून लोकांकडे वळवायची, आकडा म्हणायची. दुसरी फळ्यावरच्या तक्त्यात काडी ओढायची. चार उभ्या, पाचवी आडवी. पोरंटोरं दोरीवर रेलून आकडे ओरडत होती. म्हाताऱ्या पंखे हलवत. एका हिरव्या कागदावर फुलीच्या जागी कोणीतरी बदाम काढला होता. बाई जरा थांबली, बदाम सगळ्यांना दाखवला आणि म्हणाली, "बाद." गाव खदखदून हसलं. कोणाचा बदाम, यावर रात्रीपर्यंत तर्क.

29 च्या पुढे काड्या भराभर पडत होत्या, तसं होणारच होतं. नवल 31 चं. लाल गावात, लाल देवळात, नारिंगीची काडी चार-दोन कागदांआड पडत राहिली. भाचा एकटाच एवढी मतं देऊ शकत नव्हता. मामा सुरुवातीला मोजत होता, मग मोजायचा थांबला. कंदिलाएवढे पतंग ट्यूबलाइटला धडकत होते आणि बाई आकडा म्हणायची थांबत नव्हती.

घरी टीव्हीवर रात्री दहानंतर नारिंगी पट्टी लालच्या पुढे गेली. भाचा ओरडला नाही. आजी झोपली होती, म्हणून असेल.

सोमवार, 15 मे

सकाळच्या बसने परत. मामाने टपात आंबे, पोतंभर तांदूळ आणि जिवंत कोंबडी द्यायचा प्रयत्न केला. कोंबडी आम्ही नाकारली.

बसभर फोन. मूव्ह फॉरवर्ड 151, फ्यू थाई 141. चार मतदारांपैकी तिघांनी मत दिलेलं. बँकॉकच्या 33 पैकी 32 जागा नारिंगी. प्रयुत काकांचा पक्ष 36 वर. 2001 पासून थाकसिनचा पक्ष कधी पहिल्या नंबरावरून खाली आला नव्हता; उठावांनी हटवला, न्यायालयांनी बरखास्त केला, पण मतपेटीने नाही. मावशी खिडकीला डोकं टेकून झोपली होती, किंवा डोळे मिटून होती.

मो चितला उतरून ती घरी गेली. मला राहवेना. लोकशाही स्मारकाकडे गेले, राचादाम्नोन रस्त्यावर. चार पंख, प्रत्येकी 24 मीटर, कारण क्रांतीची तारीख 24 जून. मिरवणूक तिथून महापालिकेकडे निघालेली. ट्रकवर पिता, भोवती पोरी फोन उंच धरून, नारिंगी फुगे, नारिंगी चहाचे पेले. आणि फुटपाथवर ऑफिस सुटलेले सरकारी कर्मचारी पिवळ्या शर्टात. सोमवार ना. बस मिळेना म्हणून ते वैतागलेले, आणि मधूनच हळूच व्हिडिओ काढत होते.

तुफान गर्दीत एक काकू रस्त्याकडेच्या खांबावरून हरलेल्या उमेदवाराचं फ्लेक्स सोडवत होती. उद्या ते कुणाच्या तरी गाडीवर छप्पर होणार.

मंगळवार, 16 मे

शाळा सुरू. मी गुलाबी ओढणी घेतली, मुद्दाम.

संध्याकाळी मावशीची गाडी जागेवर होती. पुठ्ठ्याची पाटी उलटी करून तिच्यावर तिने लसूण सोलायला घेतलेला. इथे सरकारी लॉटरी दर महिन्याच्या 1 आणि 16 तारखेला निघते आणि सोडत दुपारीच होऊन गेली होती. बाजूचा लॉटरीवाला लाकडी पेटी मांडीवर घेऊन उगाच बसलेला. सकाळी झुंबड होती म्हणे, जो तो 29 नाहीतर 31 मागत होता. निवडणुकीनंतरच्या सोडतीला असंच होतं. अपघात झाला की गाडीचा नंबर, भिक्खू वारला की त्याचं वय.

"लागलं का काही?" मी मावशीला विचारलं.

तिने एप्रनच्या खिशातून तिकीट काढून गाडीवर टाकलं. लागलं नव्हतं. मी ते उचललं. सहा आकडी नंबर, शेवटचे दोन आकडे 31.

मी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्या हातातून तिकीट काढून घेतलं, घडी घालून डगमगणाऱ्या उखळाच्या बुडाखाली सरकवलं आणि पपई आत टाकली.

"मिरच्या किती?"

"दोन."

तिने तीन घातल्या.